हवामानाचे उपग्रह व शेतकरी : वणवा, वीज आणि वायुक्षोभ यांची आकाशांतून मिळणारी खबर

शेतकऱ्याचा धंदा जितका जमिनीवर तितकाच आभाळावर अवलंबून आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मृगाचे ढग न्याहाळणें, वाऱ्याची दिशा पाहून उफणणीचें काम उरकून घेणें, पश्चिमेकडे वीज लवूं लागली कीं खळ्यावरील धान्य झांकणें, या गोष्टी आमच्या अंगवळणीं पडलेल्या आहेत. परंतु आभाळाकडे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खालूनच पाहत आलों. १९६० सालच्या १ एप्रिल रोजीं अमेरिकेनें 'टायरॉस-१' हा हवामानाचा पहिला यशस्वी उपग्रह सोडला, आणि तेव्हांपासून आभाळाकडे वरून पाहण्याची सोय मनुष्यास झाली. आज ढगांचीं हीं चित्रें ज्याच्या त्याच्या मोबाईलवर दिसतात व पाऊस केव्हां येईल याची चर्चा पारावर त्यांच्या आधारें चालते.

तथापि बहुतेकांस हीं चित्रें पावसापुरतीं व समुद्रांतील वादळापुरतींच ठाऊक आहेत. त्याच उपग्रहांवरील यंत्रांतून आणखी तीन गोष्टी ओळखतां येतात : रानांत लागलेला वणवा, ढगांत चमकणारी वीज, आणि उंचावरील हवेची खळबळ, जीस शास्त्रीय भाषेंत वायुक्षोभ म्हणतात. पहिल्या दोहोंचा शेतकऱ्याशीं संबंध उघडच आहे. तिसरीचा संबंध प्रथमदर्शनीं वैमानिकांशीं दिसतो. पण जी हवा वर विमानास हिसके देते तीच पुष्कळदां खालीं केळीची बाग आडवी करिते. या तिन्ही गोष्टी उपग्रहास कशा दिसतात, कोणत्या वेळीं दिसत नाहींत, आणि वर दिसलेली गोष्ट खालीं बांधापर्यंत पोंचून उपयोगीं पडण्यास काय लागतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

दोन प्रकारचे राखणदार

हवामानाचे उपग्रह मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर ठेवलेले असतात. तितक्या उंचीवर उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोंवतीं फिरण्याच्या काळांतच पुरी होते. त्यामुळें तो एकाच प्रदेशावर खिळल्यासारखा राहतो. ज्वारीच्या शेतांत माळ्यावर बसून पांखरें राखणाऱ्या माणसाप्रमाणें त्याची नजर त्या प्रदेशावरून हलत नाहीं. भारताचे 'इन्सॅट-३डीआर' व 'इन्सॅट-३डीएस' हे याच जातीचे आहेत. पहिला सप्टेंबर २०१६ मध्यें व दुसरा १७ फेब्रुवारी २०२४ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडण्यांत आला. अमेरिकेची या जातीच्या उपग्रहांची मालिका 'गोज' या नांवानें प्रसिद्ध आहे. तिच्यांतील नव्या पिढीचा पहिला उपग्रह 'गोज-१६' नोव्हेंबर २०१६ मध्यें वर गेला. हे उपग्रह आपल्या बाजूच्या अर्ध्या पृथ्वीचें संपूर्ण चित्र दर दहा मिनिटांनीं, अमेरिकेच्या मुख्य भूमीचें दर पांच मिनिटांनीं, व एखाद्या निवडक लहान टापूचें दर मिनिटास घेऊं शकतात.

दुसऱ्या प्रकारचे उपग्रह सातशें ते साडेआठशें किलोमीटर उंचीवरून, उत्तर व दक्षिण ध्रुवांच्या बाजूनें पृथ्वीस प्रदक्षिणा घालतात. हे गांवच्या जागल्यासारखे गस्त घालणारे होत. यांतील प्रत्येक उपग्रह एका ठिकाणावरून साधारणतः दिवसांतून एकदां व रात्रींतून एकदां जातो. ते जवळून पाहत असल्यामुळें त्यांस बारीक दिसतें, पण ते निघून गेल्यावर पुढें काय झालें हें त्यांस दुसरी फेरी येईपर्यंत कळत नाहीं. माळ्यावरील राखणदारास सर्व वेळ दिसतें, परंतु दुरून व ठोकळमानानें. जागल्यास स्पष्ट दिसतें, परंतु फेरीच्या वेळींच. हा भेद पुढें वारंवार उपयोगीं पडेल.

वणवा कसा ओळखतात

प्रत्येक तप्त वस्तूंतून किरण बाहेर पडत असतात. वस्तु जितकी अधिक तप्त, तितके हे किरण अधिक जोरदार व त्यांच्या लहरींची लांबी कमी. लोहाराच्या भट्टींतील सळई आधीं नुसती हातास धग देते, नंतर तांबडी दिसते व शेवटीं पिवळी-पांढरी होते, त्याचें कारण हेंच. उन्हानें तापलेल्या जमिनीचे किरण सुमारें १० मायक्रॉन लांबीच्या आसपास सर्वांत जोरदार असतात. पेटलेल्या गवताचे अथवा लांकडाचे ३ ते ४ मायक्रॉनच्या आसपास. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे किरण आपल्या डोळ्यांस दिसत नाहींत, परंतु उपग्रहावरील यंत्रास दिसतात.

'गोज' उपग्रहाचें यंत्र एकंदर सोळा निरनिराळ्या जातींच्या किरणांत चित्रें घेतें. त्यांपैकीं ३.९ मायक्रॉनचें चित्र वणव्याच्या कामीं येतें. या चित्रांतील एकेक ठिपका उपग्रहाच्या नेमक्या खालीं बाजूस २ किलोमीटरचा, म्हणजे सुमारें एक हजार एकरांचा असतो. कडेच्या प्रदेशांत तो याहूनही मोठा होतो. एवढ्या ठिपक्यांतील फार थोडी जागा जरी पेटलेली असली, तरी ३.९ मायक्रॉनच्या चित्रांत तो ठिपका शेजारच्या ठिपक्यांहून एकदम प्रखर होतो. त्याच वेळीं ११ मायक्रॉनच्या आसपासच्या चित्रांत मात्र त्याच्यांत फारसा फरक पडत नाहीं. दोन चित्रांतील ही तफावत पाहूनच संगणक 'येथें आग असावी' असें अनुमान काढतो.

हें अनुमान सर्वकाळ बिनचूक असतें असें नाहीं. तलावाच्या पाण्यावर पडलेलें ऊन, तापलेला उघडा कातळ, कारखान्याचें धुराडें यांपासून खोटी खबर उठूं शकते. उलटपक्षीं, वर दाट ढग असल्यास खालची आग मुळींच दिसत नाहीं. म्हणून शहाणे अधिकारी उपग्रहाच्या खबरेवर आग आहे असें धरून चालतात, पण तेथील माणसाकडून खात्रीही करून घेतात.

टेक्ससच्या कुरणांतील वणवा

गुरें पाळणाऱ्यांस बोधप्रद असें एक अलीकडील उदाहरण सांगण्याजोगें आहे. अमेरिकेंतील टेक्सस राज्याचा उत्तरेकडील भाग म्हणजे गवताळ मैदानांचा मुलूख असून तेथें मोठ्या प्रमाणावर मांसाकरितां गुरें पाळतात. २६ फेब्रुवारी २०२४ रोजीं तेथील स्टिनेट या लहान गांवाजवळ विजेच्या तारा वाहणारा एक कुजलेला खांब जोराच्या वाऱ्यानें मोडला व वाळलेल्या गवतानें पेट घेतला. वारा पश्चिमेकडून होता, म्हणून आग प्रथम पूर्वेकडे लांबच लांब पट्ट्यांत धांवली. दुसऱ्या दिवशीं थंड हवेची लाट येऊन वारा उत्तरेकडून वाहूं लागला. त्याबरोबर त्या लांब पट्ट्याची दक्षिणेकडील संबंध बाजू आगीचें तोंड बनली. दहा लाख एकरांहून अधिक भूमि जळाली व आग शेजारच्या ओक्लाहोमा राज्यांतही शिरली. टेक्ससच्या इतिहासांत नोंद झालेला हा सर्वांत मोठा वणवा होय. निदान दोन माणसें दगावलीं. हजारों गुरें मेलीं. शेंकडों मैलांचीं कुंपणें व सांठविलेला चारा नष्ट झाला.

हा वणवा उपग्रहास दिसला होता. दर पांच मिनिटांच्या चित्रांत त्याचे प्रखर ठिपके व धुराचा लोट स्पष्ट उमटत होते. मग त्याचा उपयोग काय झाला, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असें, कीं उपग्रह आग विझवीत नाहीं व वाळलेल्या गवतावरून वाऱ्याबरोबर धांवणाऱ्या आगीस माणसाचें बळ पुरें पडत नाहीं. परंतु ती कोणत्या गांवाच्या रोखें चालली आहे व वारा फिरल्यास कोणत्या बाजूस वळेल हें कळल्यानें माणसांस वेळींच हलवितां येतें, गुरांच्या कोंडवाड्यांचीं दारें उघडतां येतात, व बंब कोठें उभे करावयाचे हें ठरवितां येतें. शेजारच्या ओक्लाहोमा राज्यांत वनखातें व हवामानखातें यांनीं मिळून याच कामाची पद्धत बसविली आहे. उपग्रहाच्या चित्रांत नवा प्रखर ठिपका दिसतांच त्याची खबर स्थानिक बंबवाल्यांस जाते, व आग धोक्याची दिसल्यास तिच्या वाटेवरील वस्तीस सूचना निघते. १४ मार्च २०२५ रोजीं त्या राज्यांत सोसाट्याच्या वाऱ्यांत एकाच दिवशीं शंभरांहून अधिक वणवे लागले, तेव्हां ही पद्धत कसास लागली. आग दिसणें हें यंत्राचें काम. त्यावरून कोणी कोणास केव्हां कळवावयाचें हें आधींच ठरलेलें असणें, हें माणसांचें काम.

आपल्याकडील स्थिति

आपल्या देशांत डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या साहाय्यानें वणव्यांची खबर देत आहे. ती मुख्यतः गस्त घालणाऱ्या उपग्रहांचा उपयोग करिते. त्यांपैकीं नव्या यंत्रांचा ठिपका बाजूस ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारें पस्तीस एकरांचा असल्यामुळें आगीची जागा बरीच नेमकी कळते. आपला मोबाईल क्रमांक नोंदविणाऱ्या कोणाही नागरिकास आपल्या भागांतील वणव्याचा संदेश मिळूं शकतो. इन्सॅट उपग्रहांवरही ३.९ मायक्रॉनच्या आसपासचे किरण पाहणारें यंत्र आहे. पण त्याचा ठिपका बाजूस ४ किलोमीटरचा असल्यानें लहान आगी त्यांत सहसा सांपडत नाहींत.

महाराष्ट्रांतील वणवे बहुधा माणसाच्याच हातून लागतात. मोहाचीं फुलें वेचण्यास सोयीचें व्हावें म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात. नवें गवत लवकर फुटावें म्हणून डोंगरउतार जाळतात. उसाचें पाचट किंवा बांधावरील काटेरी झुडपें पेटवून माणूस घरीं जातो व आग मागाहून रानांत शिरते. पाचट जाळल्यानें जमिनींतील सेंद्रिय द्रव्य फुकट जातें, हा विषय निराळा. येथें सांगावयाचें तें इतकेंच, कीं पाचटाची आग थोड्या वेळांत विझते, त्यामुळें फेरीच्या वेळीं ती नसली तर गस्तीच्या उपग्रहास दिसत नाहीं.

या उणीवेचा एक विलक्षण परिणाम पंजाब व हरियाना प्रांतांत दिसून आला. भाताचीं धसकटें जाळण्यावर तेथें सरकारची नजर असते व आगींची मोजणी मुख्यतः दुपारीं दीडच्या सुमारास जाणाऱ्या उपग्रहांवरून होते. अलीकडील वर्षांत मोजलेल्या आगींची संख्या पुष्कळच उतरली. पण धुराचें प्रमाण त्या मानानें उतरलें नाहीं. २०२४ सालीं दक्षिण कोरियाच्या एका स्थिर उपग्रहाचीं चित्रें पाहतां, उपग्रहाची फेरी झाल्यानंतर तिसऱ्या प्रहरीं पुष्कळ शेतें पेटविलीं जात असल्याचें शास्त्रज्ञांस आढळून आलें. जागल्या पुढें गेला कीं काम उरकावयाचें, असा हा प्रकार झाला. यांतून शेतकऱ्यांची चतुराई दिसते खरी, पण धूर कोणाच्या फुप्फुसांत जातो हें पाहिलें म्हणजे ती चतुराई आपल्याच मुलाबाळांच्या मुळावर येते.

वीज आकाशांतून कशी दिसते

२०२२ सालीं भारतांत वीज पडून २,८८७ माणसें मृत्यु पावलीं अशी सरकारी नोंद आहे. पूर, थंडी व ऊन यांनीं मरणाऱ्यांहूनही ही संख्या मोठी आहे. मरणारांत शेतांत राबणारे स्त्रीपुरुष व गुराखी यांचाच भरणा अधिक असतो. आपल्याकडे वळिवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलपासून जूनपर्यंत, व पुन्हां परतीच्या पावसांत, बहुधा दुपारनंतर, ही आपत्ति कोसळते. पेरणीपूर्व मशागत व खरिपाची काढणी हीं कामें नेमकीं त्याच दिवसांत येतात.

'गोज' उपग्रहांवर वीज पाहण्याचें एक स्वतंत्र यंत्र आहे. तें एका सेकंदांत पांचशें चित्रें घेतें. विजेच्या लखलखाटांत हवेंतील प्राणवायूपासून एका ठराविक लांबीचा प्रकाश निघतो. तो तांबड्या रंगाच्या किंचित पलीकडचा असतो. यंत्र तेवढाच प्रकाश पाहतें व पूर्वीच्या चित्राशीं ताडून एकदम उजळलेला ठिपका टिपतें. त्यामुळें भर दुपारीं ढगांवर ऊन पडलेलें असतांही वीज ओळखतां येते. पूर्वीचीं यंत्रें फिरत्या उपग्रहांवर असल्यामुळें एखाद्या वादळावर त्यांस मिनिट-दीड मिनिटच दृष्टि ठेवतां येई; आतां वादळ जन्मल्यापासून विरेपर्यंत त्यांतील बहुतेक विजांची मोजदाद होते. चीन व युरोप यांनींही अशींच यंत्रें स्थिर उपग्रहांवर बसविलीं आहेत.

या मोजदादींतून दोन गोष्टी शेतकऱ्यानें ध्यानांत धरण्याजोग्या निघाल्या आहेत. पहिली अशी, कीं वीज वादळापासून फार दूरवर जाऊं शकते. २२ ऑक्टोबर २०१७ रोजीं टेक्ससच्या पूर्व भागांतून कॅन्सस शहराच्या आसमंतापर्यंत ८२९ किलोमीटर लांबीची एकच वीज ढगांतून धांवली, असें 'गोज-१६'च्या नोंदीवरून सिद्ध होऊन जागतिक हवामान संघटनेनें २०२५ सालीं तिला सर्वांत लांब वीज म्हणून मान्यता दिली. पुणें ते नागपूर या अंतराहूनही ती लांब होती. अशी वीज विरळा, हें खरें. पण पाऊस अद्याप आला नाहीं किंवा आतां सरून गेला म्हणून विजेचें भय नाहीं, ही समजूत किती घातक आहे हें त्यावरून कळतें. दुसरी गोष्ट अशी, कीं ढगांतील विजांची संख्या अल्पावकाशांत एकाएकीं वाढली तर त्या वादळाचा जोर वाढत आहे असें समजावें. त्यापाठोपाठ पुष्कळदां गारा किंवा विध्वंसक वारा येतो. हवामानशास्त्रज्ञ ही खूण पाहून सूचना काढतात.

मात्र उपग्रहास वीज ढगांतल्या ढगांत चमकली कीं जमिनीवर पडली हें निश्चित सांगतां येत नाहीं, व ती कोठें चमकली हेंही आठ-दहा किलोमीटरांच्या फरकानेंच कळतें. शिवाय इन्सॅट उपग्रहांवर विजेचें स्वतंत्र यंत्र नाहीं. म्हणून आपल्याकडे हें काम जमिनीवरील यंत्रांनीं चालतें. वळिवाच्या दिवसांत वीज चमकतांच रेडिओवर खरखर ऐकूं येते, हा अनुभव जुन्या माणसांस आहे. विजेबरोबर रेडिओच्या लहरी उठतात, त्याची ती खरखर. अनेक ठिकाणच्या यंत्रांस ती लहर केव्हां केव्हां पोंचली यावरून वीज कोठें उठली हें काढतां येतें. पुणें येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें अशा यंत्रांचें जाळें देशभर उभारलें असून, तिच्या 'दामिनी' नांवाच्या मोबाईल-ॲपवर आपल्या भोंवतालच्या २० ते ४० किलोमीटरांतील विजांची खबर मिळते. उपग्रह ढग कसे वाढत आहेत हें दाखवितो व हें जाळें वीज कोठें पडत आहे हें सांगतें. दोहोंची सांगड घातली म्हणजे शेतकऱ्यास अर्धा-पाऊण तासाची सवड मिळूं शकते.

वीज व वणवा यांचेंही नातें आहे. ऑगस्ट २०२० मध्यें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत जवळजवळ कोरड्या वादळांतून थोड्याच दिवसांत हजारों विजा पडल्या व त्यांपासून शेंकडों वणवे लागले. जमिनीपर्यंत पोंचण्याआधींच पाऊस हवेंत सुकून जातो व ठिणगी मात्र वाळक्या रानांत पडते. अशा वेळीं विजांची नोंद व आगीचे ठिपके एकमेकांशेजारीं ठेवले, म्हणजे कोणत्या डोंगरावर माणसें पाठवावयाचीं हें ठरवितां येतें.

वायुक्षोभ : न दिसणारी खळबळ

ओढ्याच्या पात्रांत मोठा दगड असला, तर पाणी त्याच्यावरून चढून पलीकडे लाटा करीत जातें. डोंगराच्या रांगेवरून आडवा जोराचा वारा वाहूं लागला म्हणजे हवेचीही तीच गत होते, व पलीकडच्या अंगास लाटांमागून लाटा उठतात. त्या लाटा फुटल्या म्हणजे तेथून जाणाऱ्या विमानास जबर हिसके बसतात. हवेंत ढग नसल्यास वैमानिकाच्या डोळ्यांस यांतलें कांहींच दिसत नाहीं. परंतु हवेंतील वाफ ६ ते ७ मायक्रॉन लांबीचे किरण शोषून घेते व सोडते. त्या किरणांत चित्र घेतलें, म्हणजे ढग नसतांही वरच्या थरांतील वाफेवर उठलेल्या लाटा नांगरलेल्या शेतांतील तासांसारख्या ओळीनें उमटलेल्या दिसतात. अमेरिकेंतील रॉकी पर्वताच्या पूर्वेस अशीं चित्रें वारंवार मिळतात. वादळी ढगांच्या कडेनें निघणारे पिंजलेल्या कापसासारखे आडवे पट्टेही खळबळीची खूण मानतात.

तिसरी खूण ढगाच्या माथ्यावर दिसते. वादळी ढग वाढत वाढत आकाशाच्या अशा थरास पोंचतो, कीं जेथून पुढें त्यास वर जातां येत नाहीं. तो तेथें ऐरणीसारखा पसरतो. परंतु आंतील हवेचा वर चढण्याचा वेग प्रचंड असला, तर त्या सपाट माथ्याच्याही वर एक उंचवटा फुटून निघतो. उपग्रहाच्या चित्रांत तो अत्यंत थंड ठिपका म्हणून व उन्हांत सांवली टाकणारा उंचवटा म्हणून ओळखूं येतो. त्याच्या खालीं व आजूबाजूस हवेची भयंकर उलथापालथ चालू असते.

ही उलथापालथ किती अल्प वेळांत घात करिते, हें २१ मे २०२४ रोजीं दिसून आलें. लंडनहून सिंगापुरास जाणारें एक प्रवासी विमान ब्रह्मदेशांतील इरावती नदीच्या खोऱ्यावरून जात असतां, खालीं वाढत असलेल्या वादळी ढगांच्या प्रदेशांत सांपडलें. चौकशींत असें निघालें, कीं पांच सेकंदांहूनही कमी वेळांत तें १७८ फूट खालीं आलें. तेवढ्याच वेळांत आंतील माणसें आसनांवरून उचललीं जाऊन पुन्हां आदळलीं. एक प्रवासी दगावला व पुष्कळ जखमी झाले. उपग्रहाचीं चित्रें दर दहा-पंधरा मिनिटांनीं येतात, आणि ढग मात्र तेवढ्या वेळांत कित्येक हजार फूट वाढतो. या अडचणीमुळेंच चित्रें अधिक जलद घेण्याची खटपट सर्व देशांत चालू आहे.

शेतकऱ्यास याचें काय? माथ्यावर उंचवटा असलेल्या ढगांतील चढत्या हवेच्या जोरावरच गारा तोलून धरल्या जाऊन मोठ्या होतात. तो जोर ओसरतांच थंड हवेचा लोट गारांसह जमिनीवर आदळतो व चहूंकडे पसरतो. केळीचे घड लागलेलीं झाडें मोडणारा, ऊंस लोळविणारा व गोठ्यावरील पत्रे उडविणारा अवकाळी वारा बहुधा हाच. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीनें मराठवाडा, विदर्भ व इतर भागांतील गहूं, हरभरा, द्राक्षें यांची जी धूळधाण झाली ती पुष्कळांच्या स्मरणांत असेल. पिकलेलें उभें पीक गारांपासून वांचविण्याची विद्या कोणापाशींच नाहीं; परंतु खळ्यावरील माल, गुरें व माणसें यांस आडोशास नेण्यास अर्धा तासही पुरतो, आणि तो अर्धा तास वरच्या चित्रांतून मिळूं शकतो.

आपण काय करावें

एकंदर विचार करतां, वरून पाहणारें यंत्र आतां पुरेसें तीक्ष्ण झालें आहे. अडचण उरली आहे ती खबर गांवांत पोंचण्याची व पोंचल्यावर हालचाल होण्याची. यास्तव पुढील सूचना आमच्या शेतकरी बंधूंनीं व गांवोगांवच्या सोसायट्यांनीं मनावर घ्याव्या.

(१) प्रत्येक गांवांत दोन-तीन जाणत्या माणसांनीं वन सर्वेक्षणाकडे आपले मोबाईल क्रमांक नोंदवावे व 'दामिनी' वापरण्याची संवय ठेवावी. खबर येतांच देवळाच्या किंवा शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून ती पुकारण्याचें काम कोणाकडे, हें आधींच ठरवून टाकावें. शेतांत राबणाऱ्या मजुराच्या खिशांत मोबाईल असेलच असें धरूं नये.

(२) गडगडाट कानीं पडला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यांत आलों असें समजावें. काम तेथेंच टाकून पक्क्या घरांत अथवा बंद मोटारींत जावें. एकाकी झाड, उघडा ट्रॅक्टर, तारेचें कुंपण, विहिरीवरील पंप व साचलेलें पाणी यांपासून दूर राहावें. गुरें झाडाखालीं बांधूं नयेत. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास लोटल्याखेरीज शेतांत परतूं नये. मजुरी बुडेल या भीतीनें मजूर उठत नाहीं. म्हणून तो अर्धा तास मजुरींत धरला जाईल असें मालकानेंच सांगून ठेवावें.

(३) रानास लागून ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं हिंवाळा संपण्यापूर्वींच बांधालगतचें वाळलें गवत काढून जाळरेषा मोकळी करावी. कडब्याच्या गंज्या एकमेकींपासून व रानापासून दूर रचाव्या. विजेच्या तारांचे वांकलेले वा कुजलेले खांब दिसल्यास लेखी तक्रार करून तिची प्रत जवळ ठेवावी; टेक्ससचा वणवा एका खांबापासूनच उद्भवला.

(४) उपग्रहाच्या चित्रांत कांहीं दिसलें नाहीं म्हणून धोका नाहीं, असें मानूं नये. ढगाखालची आग, फेरीनंतर पेटलेलें शेत व दोन चित्रांच्या मध्यंतरीं वाढलेला ढग, हीं तिन्ही त्यास हुकतात. अशा वेळीं कान व डोळे उघडे ठेवणारा गांवांतील माणूसच खरा राखणदार होय.

हजारों किलोमीटर उंचीवरून आपल्या शिवारावर अष्टौप्रहर नजर ठेवणारा पहारा आपल्या देशानें उभा केला आहे, व त्याचा खर्च आपल्याच करांतून चालतो. त्याची हांक ऐकण्याची व्यवस्था गांवांत नसली, तर तो खर्च आपल्यापुरता वायांच गेला म्हणावयाचा. वळिवाचे दिवस सुरू होण्यापूर्वीं ज्या सोसायट्या एक सभा भरवून वरील गोष्टी ठरवितील, त्यांच्या गांवांत एक जरी जीव वांचला तरी त्या सभेचें सार्थक झालें.